न जोडलेले ठिपके

गेले दीड वर्ष मी एक कादंबरी लिहीत आहे. तिच्यात ठाणे शहर परग्रहावरून आलेल्यांच्या ताब्यात आहे, चित्र काढणे हा गुन्हा ठरलेला आहे, आणि चरईत राहणारी १९ वर्षांची मुलगी व येऊरच्या डोंगरातल्या पाड्यावरून रोज पहाटे दूध घेऊन येणारा २१ वर्षांचा मुलगा यांचे एकमेकांवर प्रेम जडले आहे. गेल्या आठवड्यात या कादंबरीचा शेवटचा भाग मी तिसऱ्यांदा बाजूला ठेवला. तो का ठेवावा लागला, ते सांगण्यासाठी आज लिहायला बसले आहे. कारण ती चूक मला एकटीला कधीच सापडली नसती.

मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. परक्या सत्तेविषयी शिकवताना आम्ही तह, लढाया आणि कायदे सांगतो, आणि ते सांगायलाच हवेत. पण त्या सत्तेखाली एखाद्या तरुण मुलीची सकाळ कशी उजाडत असेल, तिला कोणाशी बोलावेसे वाटत असेल आणि ते बोलणे ती कसे पोहोचवत असेल, हे पाठ्यपुस्तकात मावत नाही. ते मांडण्यासाठी मी परग्रहवासीयांचा आधार घेतला. इंग्रज किंवा पोर्तुगीज म्हटले की वाचकाच्या मनात राग आधीच तयार असतो आणि तो पात्रांकडे नीट पाहू देत नाही. कुठल्याही ओळखीच्या देशातून न आलेल्या सत्तेखाली तीच माणसे अधिक स्वच्छ दिसतील, असे मला वाटले आणि अजूनही वाटते. कादंबरीतले ठाणेकर त्यांना फक्त ‘वरचे’ म्हणतात.

पहिल्या खर्ड्यात मुलगा रात्री कळव्याच्या पुलाच्या खांबांवर मोठमोठी चित्रे काढत असे, सकाळी लोक ती पाहायला जमत आणि त्यातून उठाव होई. बारावीतल्या एका विद्यार्थिनीला मी तो खर्डा वाचायला दिला. दोन दिवसांनी वही परत करताना तिने विचारले, “मॅडम, हा सगळी चित्रं शहरासाठी काढतो. तिच्यासाठी काय काढतो?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रेम आहे असे मी सांगितले होते, पण ते कुठेही दिसत नव्हते, कारण त्या दोघांमध्ये फक्त दोघांचे असे काहीच नव्हते. तो खर्डा मी पुढे चालवला नाही.

उत्तर मिळाले ते कारागृहाच्या भिंतीपाशी. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह हा मूळचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ सालच्या खुनाच्या प्रकरणात दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या हवाली झाला, तेव्हा त्याला याच किल्ल्यात ठेवले होते. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, म्हणून कामाला असलेला एक मराठा घोडा फिरवण्याच्या निमित्ताने त्र्यंबकजीच्या खिडकीखालून ये-जा करी आणि जाता जाता गाणे म्हणत असे. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते. त्यांना तो घोडेवाल्याचा रिकामा विरंगुळा वाटला. रेजिनाल्ड हेबर या बिशपने आपल्या प्रवासवर्णनात त्या गाण्याचे इंग्रजी रूप नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा, की झुडपाआड तिरंदाज दबा धरून आहेत, झाडाखाली घोडा आहे, घोडे ५५ आहेत आणि माणसे ५४, आणि पंचावन्नावा स्वार घोड्यावर चढला की दख्खन पुन्हा बहरेल. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी त्या किल्ल्यातून निसटला.

त्र्यंबकजी हा काही मला आदर्श वाटत नाही. मला त्या गाण्याने धरून ठेवले. भर दिवसा, पहारेकऱ्याच्या देखत, उघड्या आवाजात म्हटलेले ते गाणे एकाच माणसासाठी होते आणि त्या एकाच माणसाला ते पूर्ण ऐकू येत होते. प्रेमात पडलेल्या मुलामुलींचे बोलणे याहून वेगळे कुठे असते? तलावपाळीच्या कट्ट्यावर, शेजारी भेळवाला उभा असताना आणि ओळखीच्या काकू समोरून जात असताना दोघे जण परीक्षेविषयी बोलत असतात, आणि ते बोलणे परीक्षेविषयीचे नसते.

मग मी रांगोळी आणली. वरच्यांच्या ग्रहावर एखाद्या वस्तूचे चित्र काढणे म्हणजे त्या वस्तूवर हक्क सांगणे, असा नियम मी ठरवला होता. त्यामुळे एखाद्या लहान मुलाने मासुंदा तलाव वहीत काढला, तरी त्यांच्या लेखी ते तलावावरचे अतिक्रमण असते. (निव्वळ क्रूर म्हणून बंदी घालणारा शत्रू गोष्टीला फार लवकर थकवतो; त्याच्या बंदीला त्याच्या परीने अर्थ असावा लागतो.) रेघ काढायला मनाई आहे, पण वरचे स्वतः ठिपक्यांनी मोजदाद करतात, म्हणून ठिपक्यांना मनाई नाही. मुलगी पहाटे उठून उंबऱ्याबाहेरच्या शहाबादी फरशीवर पाणी मारते, गेरूचा हात फिरवते आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतून सात ते चार ठिपके घालते. ते ती जोडत नाही. दूध घालायला आलेला मुलगा किटली टेकवतो, माप भरेपर्यंत त्या ठिपक्यांकडे पाहून घेतो आणि परत येऊर चढताना मनातल्या मनात रेघा ओढत जातो. दुसऱ्या दिवशी, दुधाचा हिशेब सांगितल्यासारखे करून, आपल्याला काय दिसले ते तो तिला सांगतो. तिने कमळ मनात धरलेले असते आणि त्याला मासा दिसलेला असतो. ती रागावत नाही; दिवसभर काम करताना आपल्याच ठिपक्यांत तो मासा शोधत राहते, आणि संध्याकाळी तो तिला सापडतो.

हे लिहून झाल्यावर त्या विद्यार्थिनीने वही परत दिली नाही, तिच्याकडेच ठेवली. मला फार आनंद झाला.

तरीही एक प्रश्न बाकी राहिला आणि तो इतिहासानेच पुढे आणला होता. ज्या भिंतीपलीकडे मोतद्दाराचे गाणे पहारेकऱ्यांना कळले नाही, त्याच भिंतीआड पुढे १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आले. कान्हेरे तेव्हा १८ वर्षांचा होता. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांएवढा. या प्रकरणाच्या मुळाशी कविता आहेत. त्या प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्या खटल्याशी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा संबंध होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कान्हेरेने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. रंगमंचावर ‘शारदा’ होते, म्हणजे कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावून देण्याविरुद्धचे नाटक, आणि जॅक्सन त्या प्रयोगाला आला होता तो आपल्या निरोपाच्या निमित्ताने. तो संस्कृतचा अभ्यासक होता, त्याला मराठी येत होते. किल्ल्यावरचे शिपाई आणि हा कलेक्टर यांच्यात अवघे एक शतकही नव्हते. पण तेवढ्या काळात परका माणूस गाणे न कळणाऱ्या पहारेकऱ्यापासून मराठी नाटक पाहायला येणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत येऊन पोहोचला होता.

आणि नेमकी त्याच सुमारास बंदी येते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ पासून रंगभूमीवर होते. कथा महाभारतातली, त्यामुळे कागदावर आक्षेप घेण्याजोगे फारसे काही नाही, पण प्रेक्षकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता आणि द्रौपदीत आपला देश. सरकारला ते दिसले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. त्यासाठी लागणारा नाट्यप्रयोगांचा कायदा १८७६ पासूनच हाताशी होता. विद्यार्थी मला नेहमी म्हणतात, की राज्यकर्त्यांना कला कळत नाही म्हणून ते तिच्यावर बंदी घालतात. मी आता तसे म्हणू देत नाही. कळत नव्हते तोवर मोतद्दार गात राहिला. बंदी घालणाऱ्याला न काढलेली रेघ दिसलेली असते.

त्यामुळे कादंबरीत एक नवे पात्र आले. वरच्यांपैकी एक जण रोज त्या मुलीच्या चाळीपुढून जातो, ठिपके मोजतो आणि पुढे जातो. एके दिवशी तो थांबतो. बराच वेळ थांबतो. त्याला त्या ठिपक्यांत काय दिसले ते मी लिहिलेले नाही, पण त्या रात्रीपासून शहरात ठिपक्यांवरही बंदी येते. तो प्रसंग लिहिताना मला त्याच्याविषयी तिरस्कार वाटला नाही. अख्ख्या शहरात त्या मुलीच्या ठिपक्यांपुढे थांबलेला, त्या मुलानंतरचा तो एकटाच होता, आणि तरीही त्याने केले ते तसेच केले. हे मला आजवर लिहिलेल्या कुठल्याही लढाईपेक्षा अधिक भीषण वाटते.

याच्या पुढचा भाग लग्नाचा होता. लग्न कादंबरीत आले याचे कारण पुन्हा जुने कागद आहेत. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली काढलेल्या फर्मानात लग्नघरातल्या गोष्टी एकेक करून मोजल्या आहेत: वाजंत्री, ओव्या, हळद, विडे. त्या वेळी आपले ठाणेही त्याच पोर्तुगीज सत्तेखाली होते. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने, लोकांनी ३ वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे, असा हुकूम काढला होता. तो पुरला नाही म्हणून की काय, १७४५ साली गोव्याच्या आर्चबिशपने ठरवले, की ज्यांना पोर्तुगीज बोलता येत नाही त्यांचे लग्नच लागणार नाही. काही जातींना भाषा शिकायला ६ महिन्यांची मुदत होती, बाकीच्यांना १ वर्षाची. हा हुकूम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. एकमेकांना कोकणीत काय काय बोललेली दोन माणसे, आणि त्यांना एकत्र राहायचे तर आधी पाद्र्यासमोर परक्या भाषेत तोंड उघडून दाखवायचे. सत्तेने हात घातला तो थेट लग्नघरात, कारण गाणे, रंग आणि भाषा या तिन्ही गोष्टी तिथे हौसेपुरत्या नसतात. त्यांच्याशिवाय ते लग्न होत नाही.

चित्राशिवाय लग्न होत नाही, हे तर मी स्वतः येऊरला पाहिले आहे. आमच्या महाविद्यालयात सेविका म्हणून काम करणाऱ्या मावशी तिथल्या एका पाड्यावर राहतात. त्या वारली आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या भाचीच्या लग्नाला त्यांनी मला आग्रहाने बोलावले होते. मी पोहोचले तेव्हा कुडाची भिंत शेणाने सारवून, गेरू देऊन तयार होती आणि चार-पाच सुवासिनी तिच्यापुढे बसल्या होत्या. तांदळाच्या पिठाची पातळ पेज एका करवंटीत होती आणि बांबूची काडी टोकाला ठेचून तिचा कुंचला केला होता. आधी चौकाची, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढायच्या चौकोनी चित्राची, किनार झाली, एकात एक अशा कितीतरी ओळी, कुठेही पट्टी न लावता सरळ. मग मध्ये पालघट देवी आली, हात पसरलेली. सूर्य, चंद्र, फणी, शिडी नंतर आली. सगळ्यात जास्त वेळ मी पाहत राहिले ते एका बाईच्या हाताकडे. ती माणसे काढत होती. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, आणि ती टोके मिळतात ती कंबर. तिने पहिले माणूस सरळ उभे केले. दुसऱ्याचा वरचा त्रिकोण तिने जेमतेम बोटाच्या पेराएवढा कलता घेतला आणि ते माणूस नाचायला लागले. पीठ ओले असेपर्यंत गेरूवर जवळजवळ काही दिसत नव्हते. वाळत गेले तसतसे चित्र पांढरे होत वर आले, आणि मागे धवलेरीचे, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईचे, गाणे चालूच होते.

हे चित्र आज कागदावर, साड्यांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर सगळीकडे दिसते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ते योग्यच झाले. पण त्या दिवशी येऊरला ते भिंत सजवण्यासाठी नव्हते. चौक नाही तर देवी नाही, आणि देवी नाही तर लग्न नाही.

म्हणून कादंबरीचा शेवट मी असा लिहिला होता. ठिपक्यांवरही बंदी आल्यानंतर, एका पावसाळी रात्री मुलगी येऊरला जाते, मुलाच्या घरातल्या भिंतीवर दिव्याच्या उजेडात एकटीने चौक काढते, मुलगा दारात पहारा देतो आणि पहाट होण्यापूर्वी त्या चौकापुढे दोघे एकमेकांचे होतात. आजवर ठिपक्यांवर थांबलेला तिचा हात शेवटी रेघ ओढतो, हे मला फार आवडले होते. ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिले आणि लिहिताना रडले.

गेल्या गुरुवारी महाविद्यालय सुटल्यावर, जिन्याखालच्या बाकावर बसून मी ते प्रकरण मावशींना वाचून दाखवले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी पदर सारखा करत त्या म्हणाल्या, “चांगलं लिहिलंय, मॅडम. पण नवरीनं आपला चौक आपण लिहायचा नसतो.”

त्या ‘काढायचा’ म्हणाल्या नाहीत, ‘लिहायचा’ म्हणाल्या. त्यांच्याकडे चौक लिहितात.

मी विचारले, की बंदी असेल, दुसरे कोणी येऊ शकत नसेल, जिवाची भीती असेल, तर? त्यांनी थोडा वेळ विचार केला, कारण त्या प्रश्नाला वरवरचे उत्तर देणाऱ्यांपैकी त्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग तो चौक नाही झाला. चित्र झालं. चौक सुवासिनींनी लिहायचा. आणि ही पोरगी आमच्यातली नाही म्हणता. तर मग बायकांनी आधी तिला घरात घ्यायला नको? चौक लिहिला म्हणजे घेतलं.”

मी वही मिटली. दीड वर्ष मी असे धरून चालले होते, की प्रेमातली कला दोघांच्यातच पूर्ण होते. मोतद्दार गातो, कैदी ऐकतो, आणि बाकीचे जग पहारेकरी असते. ठिपक्यांपुरते ते खरे होते. पण लग्नाच्या भिंतीसाठी त्या मुलीला आणखी चार बायका लागणार होत्या, ज्यांना तिच्याविषयी प्रेम वाटायचे काहीच कारण नव्हते, ज्यांची मुले घरात झोपलेली होती, आणि पकडले गेले तर ज्यांचे हात सर्वांत आधी पिठाने माखलेले सापडणार होते. त्या बायकांना विचारणे हे पुलावर चित्र काढण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. कोणी विचारायचे, कोणत्या शब्दांत विचारायचे, आणि त्यांनी नाही म्हटले तर तो नकार कसा सोसायचा, यातले काहीही माझ्या कादंबरीत नव्हते.

तेव्हापासून मी त्या बायकांवर काम करते आहे. एक मुलाची चुलती आहे. तिला हे लग्न मुळीच पसंत नाही आणि ती ते लपवतही नाही. दुसरीचा नवरा वरच्यांच्या गोदामात हमाली करतो, त्यामुळे तिची भीती इतरांहून वेगळी आहे. तिसरीला चौक लिहून इतकी वर्षे झाली आहेत, की किनारीच्या ओळी किती असतात यावरून तिचा आणि चौथीचा वाद होतो. तो वाद मी मावशींकडून नीट समजून घेणार आहे, कारण तो खोटा लिहिला तर सगळेच खोटे होईल.

काल रात्री चुलतीचा प्रवेश लिहिला. तपासणीच्या नाक्यावर दूध सोडतात, पीठ सोडत नाहीत, म्हणून ती तांदळाची पेज किटलीत घालून आणते, वर बोटभर दुधाची साय. दारात उभ्या असलेल्या मुलीकडे ती पाहत नाही, तिचे नावही विचारत नाही. सरळ आत जाते, किटली खाली ठेवते, भिंतीला तळहात लावून पाहते आणि मागे न वळता म्हणते, “अजून ओली आहे. बसून घे.”